स्टेम सेलचं पॅकेज घेण्याआधी

पाचव्या दिवसाचं भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं की आधी मी त्यातला झुबका शोधते. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापेक्षा जरा मोठा गोल, भोवती पेशींचा एकेरी पातळ थर, आत पाणी, आणि एका बाजूला एकमेकींना घट्ट बिलगलेल्या दहा-वीस पेशी. बाहेरच्या थराची पुढे वार होते आणि या झुबक्याचं बाळ. झुबका भरीव असेल तर भ्रूणाला चांगला दर्जा मिळतो, विस्कळीत असेल तर कमी. अमेरिकेत विस्कॉन्सिनला जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये हाच झुबका वेगळा काढून बशीत वाढवला आणि माणसाच्या भ्रूणातल्या स्टेम सेल पहिल्यांदा प्रयोगशाळेत जगत्या ठेवल्या. यकृत, हाड, त्वचा, मेंदू, यांपैकी काहीही होऊ शकणाऱ्या या पेशी. मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, कोल्हापुरातल्या एका टेस्ट ट्यूब बेबी सेंटरच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे या पेशी माझ्या रोजच्या बघण्यातल्या आहेत. तरी अलीकडे ‘स्टेम सेल’ हा शब्द मला प्रयोगशाळेपेक्षा समुपदेशनाच्या खोलीतच जास्त ऐकू येतो, आणि तिथे तो ऐकला की मला काळजी वाटते.

शिरोळ तालुक्यातलं एक जोडपं असंच एक रंगीत पत्रक घेऊन आलं होतं. बाईंचं पाळीचं प्रमाण फार कमी, जेमतेम एक दिवस. पिशवीचं अस्तर औषधं देऊनही सहा मिलिमीटरच्या वर जात नव्हतं. भ्रूण सोडायचं तर आम्ही निदान सात तरी बघतो. एका मोठ्या शहरातल्या सेंटरने त्यांना ‘स्टेम सेल पॅकेज’ सांगितलं होतं. पत्रकावर तीन ओळी होत्या: अस्तर बनत नाही, बीज संपलेत, काऊंट निल आहे. तिन्हींना एकच उपाय. “मॅडम, यंदाचं उसाचं बिल सगळं त्यात जाईल. पण जाऊ दे, गुण येईल ना?” असं त्या ताईंनी विचारलं. त्यांचे यजमान गप्प बसून होते.

मी पत्रकाच्या मागची बारीक अक्षरं वाचली. त्यात पीआरपी होतं, म्हणजे स्वतःचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, प्लेटलेट्सचा घट्ट भाग वेगळा करून टोचायचा. प्लेटलेटला केंद्रकच नसतं. ज्या पेशीत केंद्रक नाही ती विभागून दुसरी पेशी तयार करू शकत नाही, तेव्हा तिला स्टेम सेल म्हणता येत नाही. प्लेटलेटमधून बाहेर पडणारे वाढीचे घटक अस्तराला मदत करतात का यावर अभ्यास चालू आहेत, ते व्हायला हवेत. पण त्याला स्टेम सेल म्हणून पैसे घेणं ही सरळसरळ फसवणूक आहे, आणि हे मी त्या दोघांना याच शब्दांत सांगितलं.

मग या सगळ्यात खरं काहीच नाही का? आहे, आणि सगळ्यात जास्त खरं अस्तराच्या बाबतीत आहे. पिशवीचं अस्तर दर महिन्याला गळतं आणि पुन्हा उगवतं. असं वारंवार नव्याने उगवणारे अवयव शरीरात फार नाहीत. उगवायला मुळाशी स्टेम सेल लागतात. येल विद्यापीठाच्या ह्यू टेलर यांनी २००४ मध्ये चार स्त्रियांच्या अस्तराचे तुकडे तपासले. या चौघींना रक्ताच्या आजारासाठी दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालेलं होतं. त्यांच्या गर्भाशयाच्या अस्तरात दात्याच्या पेशी सापडल्या. म्हणजे हाडातल्या मगजातून निघालेल्या पेशी रक्तातून गर्भाशयापर्यंत पोचून तिथल्या होऊन गेल्या होत्या. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हा शोध किती मोठा वाटला हे शब्दांत सांगणं अवघड आहे, कारण अस्तर मेलेल्या बाईला तोवर आमच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

आपल्याकडे अशा बायका पुष्कळ आहेत. वारंवार क्युरेटिंग केलेलं, किंवा पिशवीचा टीबी होऊन गेलेला. टीबीचे जंतू अस्तराच्या मुळाच्या थरापर्यंत पोचतात, भिंती एकमेकींना चिकटतात, आणि औषधांनी टीबी बरा झाला तरी जमीन नापीक राहते. अहमदाबादच्या डॉ. नागोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशाच एका स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली. तिच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी वेगळ्या करून अस्तरात सोडल्या, अस्तर वाढलं आणि टेस्ट ट्यूबने गर्भ राहिला. स्पेनमधल्या गटाने २०१६ मध्ये सोळा स्त्रियांवर असाच उपचार केला. मज्जेतल्या ठरावीक पेशी निवडून, रक्तवाहिनीतून नळी घालून त्या थेट गर्भाशयाच्या बारीक धमन्यांमध्ये सोडल्या. काहींची पाळी सुधारली, काहींना दिवस राहिले.

पण दोन्हीकडे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्याच बायकांना हार्मोन्स आणि इतर उपचारही मिळाले होते. गुण कशाने आला ते ठरवायचं तर अर्ध्या बायकांना पेशी देऊन आणि अर्ध्यांना न देता बघावं लागतं. ते मोठ्या प्रमाणावर होईपर्यंत हा उपचार आशेचा आहे, विकण्याचा नाही.

अंडाशयाची गोष्ट याहून बिकट. मुलगी आईच्या पोटात वीस आठवड्यांची असते तेव्हा तिच्याकडे साठ-सत्तर लाख बीजं असतात, जन्मताना दहा ते वीस लाख, पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख. नवी भर पडत नाही असंच आम्ही शिकलो. २००४ मध्ये अमेरिकेतल्या जोनाथन टिली यांच्या गटाने उंदरांवरून दावा केला की प्रौढ अंडाशयातही बीज घडवणाऱ्या स्टेम सेल असतात. आपल्या परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांनी वर्षानुवर्षं अंडाशयातल्या आणि वृषणातल्या अतिसूक्ष्म स्टेम सेलवर काम केलं. या पेशी आहेत की नाहीत, असल्या तर करतात काय, यावर जगभरच्या प्रयोगशाळांचं अजून एकमत नाही. बहुतेकांना त्या सापडत नाहीत. एक प्रयोग मात्र माणसांवरही झाला. अंडाशयातल्या अशा मानलेल्या पेशींमधली ऊर्जाकेंद्रं काढून ती त्याच बाईच्या बीजात टोचली तर भ्रूण सुधारतं का, हे स्पेनमध्ये नीट तुलना करून तपासलं गेलं. २०१९ मध्ये निकाल आला: फरक पडत नाही. त्या आधीच काही देशांत ते पैसे घेऊन दिलं जात होतं.

मग त्वचेची पेशी घेऊन तिच्यापासून सरळ नवं बीजच घडवता येणार नाही का? हा प्रश्न मला शिकलेली माणसं फार विचारतात. याचं उत्तर एपिजेनेटिक्समध्ये आहे, आणि माझ्या मते वंध्यत्वाच्या विज्ञानातला आजचा सगळ्यात सुंदर भाग हाच आहे.

आपल्या डोळ्यातल्या आणि यकृतातल्या पेशींत डीएनए एकच असतो. तरी डोळ्याची पेशी पित्त बनवत नाही. कारण कुठली जनुकं वापरायची आणि कुठली बंद ठेवायची याच्या खुणा डीएनएवर असतात; या खुणांचं शास्त्र म्हणजे एपिजेनेटिक्स. कोल्हापूरकडच्या माणसाला मी सातबाऱ्याचं उदाहरण देते. जमीन तीच, क्षेत्र तेच, पण ‘इतर हक्क’ च्या रकान्यात बँकेचा बोजा चढला की ती विकता येत नाही; कर्ज फिटलं की बोजा उतरतो, आणि या सगळ्यात मातीचा एक कणही बदलत नाही. पेशीत हा बोजा म्हणजे मिथाइल नावाचा, एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा चिमुकला गट. तो जनुकाच्या सुरुवातीला चिकटला की बहुधा ते जनुक गप्प होतं. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरही अशा खुणा असतात.

आता खरी मेख. काही जनुकांवर आईकडून आलेल्या प्रतीवर बोजा असतो, काहींवर बापाकडून आलेल्या. माणसात अशी सुमारे शंभर जनुकं आहेत. केंब्रिजला अझीम सुरानी आणि फिलाडेल्फियात मॅकग्राथ व सोल्टर यांनी १९८४ मध्ये उंदरांची अशी भ्रूणं तयार केली ज्यांत दोन्ही डीएनए आईचेच किंवा दोन्ही बापाचेच होते. डीएनए पुरेपूर होता, तरी एकही भ्रूण तगलं नाही. आईबापांच्या खुणा वेगवेगळ्या असतात आणि बाळाला दोन्ही लागतात, हे तेव्हा कळलं. पंधराव्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा बापाकडून आला नाही तर मुलाला प्रेडर-विली हा आजार होतो. भूक आवरत नाही, स्नायू ढिले राहतात. तोच तुकडा आईकडून आला नाही तर अँजलमन हा संपूर्ण वेगळा आजार.

म्हणून निसर्ग बीज घडवताना आधी सगळं पुसतो. गर्भ अवघ्या तीन आठवड्यांचा असताना काही मोजक्या पेशी बाजूला काढल्या जातात, त्या पुढच्या पिढीच्या. पुढच्या काही आठवड्यांत त्यांच्यावरच्या जुन्या खुणा, आजीआजोबांच्या सकट, जवळजवळ साफ होतात. मुलगा असेल तर बापाच्या खुणा जन्माआधीच चढायला लागतात. मुलगी असेल तर आईच्या खुणा फार उशिरा, बीज पिकायला लागतं तेव्हा, म्हणजे तिच्या तारुण्यात चढतात. त्वचेच्या पेशीपासून बीज घडवायचं तर हे पुसणं आणि लिहिणं, दोन्ही बशीत करून दाखवावं लागतं. एक खूण राहिली तरी बाळ आजारी.

क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना पुन्हा भ्रूणासारख्या स्टेम सेल बनवलं. २०१२ मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. त्याच वर्षी त्याच शहरात मितिनोरी साइतो आणि कात्सुहिको हायाशी यांनी उंदराच्या अशा पेशींपासून बीज घडवून पिल्लं जन्माला घातली. २०२३ मध्ये हायाशींनी तर नर उंदराच्या पेशींपासून स्त्रीबीज बनवलं. ६३० भ्रूणं मादीच्या पोटात ठेवली, त्यांतली सात जन्मली. हे ६३० आणि सात मी मुद्दाम सांगते. उंदरांत हे चालतं, माणसात कुणी हा हिशेब सोसणार नाही.

माणसाच्या बाबतीत सगळ्यात मोठं पाऊल २०२४ मध्ये साइतोंच्या गटाने टाकलं. बीएमपी नावाच्या एका संकेत-प्रथिनाने त्यांनी माणसाच्या पेशींवरच्या जुन्या खुणा बशीत पुसून दाखवल्या आणि त्या पेशी कित्येक अब्ज पटीने वाढवल्या. पुसणं जमलं. आईच्या किंवा बापाच्या नव्या खुणा लिहिणं आणि पक्व बीज किंवा शुक्राणू तयार करणं अजून बाकी आहे. २०२५ मध्ये ओरेगॉनमध्ये वेगळी वाट धरली गेली: त्वचेच्या पेशीचं केंद्रक दात्याच्या रिकाम्या बीजात घालून त्याची निम्मी गुणसूत्रं टाकून द्यायला लावली. अशी ८२ बीजं झाली, फलनानंतर त्यांतलं दहांत एकही धडपणे पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत गेलं नाही, आणि गेलेल्यांचीही गुणसूत्रं बिघडलेली होती. संशोधकांनी ते स्वतःच स्पष्ट लिहिलं. मी असा प्रामाणिकपणा बघते तेव्हा मला या विज्ञानावर विश्वास वाटतो, आणि पत्रकावरचा ‘शंभर टक्के सुरक्षित’ हा शिक्का बघते तेव्हा राग येतो.

एपिजेनेटिक्सचा माझ्या रोजच्या कामाशीही संबंध आहे. भ्रूण माझ्याकडे बशीत असतं त्या पाच दिवसांत खुणांची मोठी उलथापालथ चालू असते. बेकविथ-वीडेमान नावाचा आजार, ज्यात बाळ जन्मतःच अवाजवी मोठं असतं आणि काही ट्यूमरचा धोका वाढतो, तो एरवी दहा-बारा हजारांत एका बाळाला होतो; टेस्ट ट्यूबच्या बाळांत तो काही पटीने जास्त दिसतो. काही पट म्हटलं तरी तो फारच विरळा आहे, जोडप्यांनी यासाठी उपचार टाळावा असं मी म्हणणार नाही. पण म्हणूनच आम्ही इनक्युबेटरमध्ये हवेतल्या २१ टक्क्यांऐवजी ५ टक्केच ऑक्सिजन ठेवतो, तापमान ३७ अंशांवरून हलू देत नाही, आणि लॅबमध्ये अत्तर लावून आलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवतो, मग तो डॉक्टर असो की इंजिनिअर.

याच शास्त्राने एक साधी, बिनपैशाची गोष्टही दिली आहे. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणजे आज दिसणारा शुक्राणू अडीच महिन्यांपूर्वीच्या शरीरात घडायला लागलेला असतो. कोपनहेगनच्या शास्त्रज्ञांनी लठ्ठ पुरुषांच्या शुक्राणूंवरच्या खुणा वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी, आठवड्याने आणि वर्षाने तपासल्या. त्या बदलल्या होत्या. माणसं मोजकीच होती, पण दिशा कळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. जवळजवळ दोन तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. मिथाइलचा पुरवठा शरीरात ज्या साखळीतून होतो तिच्यातलं हे जीवनसत्त्व. पुढे त्याच गावांतल्या वयात आलेल्या मुलामुलींना, आईबाप होण्याच्या आधीच, बी-१२ देऊन बघण्याचा अभ्यास सुरू झाला. बी-१२ ने मूल होतं असं कुणी म्हटलेलं नाही. पण उसाचं बिल पॅकेजवर घालवण्याआधी दोघांचं बी-१२, साखर, थायरॉइड तपासा आणि यजमानांचा गुटखा तीन महिने बंद ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगते. एवढं ऐकून बायका मान डोलावतात, पुरुष बाहेर बघतात.

कायद्याचं एक. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा बाकीचा सगळा वापर हा प्रयोग धरला जातो. तो मान्यता मिळालेल्या चाचणीतच करायचा आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळते. म्हणून डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा: या चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक काय, आणि मला पैसे का भरावे लागतायत? क्रमांक इंटरनेटवर कुणालाही बघता येतो. शिरोळच्या ताईंनी फोन करून विचारलं. पलीकडून उत्तर आलं की हे रिसर्च नाही, ट्रीटमेंट आहे. नियमात नेमकी हीच गोष्ट बसत नाही. त्यांची नंतर दुर्बिणीने तपासणी झाली, चिकटलेला भाग सोडवला, आता अस्तर बघणं चालू आहे. दुसऱ्या एका जोडप्याने मात्र पॅकेज घेतलं. ते परत आले तेव्हा त्यांच्याकडे गोठवलेल्या भ्रूणांची वर्षाची फी भरायलाही पैसे उरले नव्हते.

पत्रकाच्या तिसऱ्या ओळीतल्या ‘काऊंट निल’ वाल्या, म्हणजे वीर्यात शुक्राणूच नसलेल्या पुरुषांसाठी आज वृषणातून सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू शोधायची शस्त्रक्रिया आहे. ती अनेकदा यशस्वी होते. स्टेम सेलचा खरा उपयोग इथे एका वेगळ्याच गटाला होणार आहे, तो म्हणजे लहानपणी कॅन्सर झालेली मुलं. राल्फ ब्रिन्स्टर यांनी १९९४ मध्ये शुक्राणूंच्या स्टेम सेल एका उंदरातून काढून वांझ उंदरात घातल्या आणि त्याला पिल्लं झाली. २०१९ मध्ये पिट्सबर्गच्या काइल ऑर्विग यांच्या गटाने माकडाची गोष्ट प्रसिद्ध केली: वयात येण्याआधी वृषणाचा तुकडा काढून गोठवला, नंतर त्याच माकडाच्या त्वचेखाली परत बसवला, त्यातून शुक्राणू मिळाले आणि ग्रेडी नावाचं निरोगी पिल्लू जन्मलं. २०२५ मध्ये त्याच गटाने विशीतल्या एका तरुणाची हकिकत जाहीर केली, ज्याच्या पेशी कॅन्सरच्या उपचाराआधी लहानपणी गोठवल्या होत्या. त्या त्याच्या वृषणात परत सोडल्या आहेत. तेव्हापर्यंत शुक्राणू दिसले नव्हते.

हे पुढे जमेल असं मला मनापासून वाटतं. पण ज्याचं काही गोठवलेलंच नाही त्याला त्याचा उपयोग नाही. माझ्याकडे लग्नानंतर येणाऱ्या मुलांच्या फायलीत सोळा-सतराव्या वर्षीच्या केमोचे कागद असतात, आणि त्या वेळी वीर्य साठवायचं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. वयात आलेल्या मुलाचा नमुना घेऊन उणे १९६ अंशांवर ठेवायला आम्हाला एक सकाळ पुरते. मुलीची बीजं गोठवायला साधारण दोन आठवडे, आणि तेवढा वेळ नसेल तर अंडाशयाचा तुकडा गोठवता येतो. त्यातून बेल्जियममध्ये २००४ मध्येच पहिलं बाळ झालं आहे. घरात कुणा पोरापोरीला कॅन्सर निघाला, तर केमोची तारीख घेण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना हे विचारा आणि त्याच दिवशी जवळच्या सेंटरला फोन करा.